आर्ची होतं ना!

एकांनी लिहिलंय की गूगलच्या आधी सॉफ्टवेअर शोधायला सर्व्हरचा पत्ता आधीच ठाऊक असावा लागे. अगदी तसं नव्हतं. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेजने आर्ची हे फाइली शोधायचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते ठिकठिकाणच्या एफटीपी (फाइली पाठवण्या-उतरवण्याची पद्धत) सर्व्हरांवरच्या फाइलींच्या याद्या गोळा करून ठेवायचं. शोध मात्र फक्त फाइलच्या नावावर. त्यात डॉस या जुन्या संगणकप्रणालीची आठ अक्षरी नावं, म्हणजे नावाचा तुकडा तरी माहीत हवाच.

पत्ता मिळाला की सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं भांडार गाठायचं, नाहीतर फिनलंडच्या वासा विद्यापीठातलं गार्बो. लॉगिन 'अ‍ॅनॉनिमस', पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता. आणि हे महत्त्वाचं: फाइल उतरवायच्या 'गेट' या आज्ञेच्या आधी 'बायनरी' टाइप करायचं! ते राहिलं तर झिप फाइल साधा मजकूर समजून उतरायची, वाटेत ओळींच्या शेवटच्या खुणा बदलायच्या आणि एवढा वेळ थांबून मिळालेली फाइल उघडायचीच नाही. पुन्हा पहिल्यापासून.

विद्यापीठांनी आपली डिस्क आणि लाइन अनोळखी माणसांसाठी अशी उघडी ठेवली, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.