चॉकलेट आणि रोजचा स्वयंपाक, दोन्हीला चालेल असा थर्मामीटर सुचवा

साखरझोप:
घरी चॉकलेट करायला लागून तीनेक महिने झाले. चव जमते, पण दुसऱ्या दिवशी वर पांढुरके पट्टे येतात आणि तोडताना 'कट्' असा आवाज काही येत नाही. आतापर्यंत ओठाला लावून अंदाज घ्यायचे. आता थर्मामीटर घ्यायचाय. तोच पाकाला, तळणीच्या तेलाला आणि पावालाही वापरता आला तर उत्तम. बंदुकीसारखा, लांबून मोजणारा बघून ठेवलाय. घेऊ का?

घोटणकाठी:
माझ्याकडे आहे तो. बुडवायला नको, धुवायला नको, म्हणून आवडतो. पण तो फक्त पृष्ठभाग मोजतो आणि चॉकलेटचा वरचा थर आधी निवतो. त्यामुळे नीट ढवळायचं आणि लगेच मोजायचं. नेम चुकून चकचकीत स्टीलच्या भांड्यावर गेला तर भलताच आकडा! पावाच्या पोटात काय चाललंय हे तर त्याला कळतच नाही.

तिसरा_कप:
एकच घ्यायचा तर बारीक सुईचा डिजिटल घ्या. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि परत ३१-३२ वर आणायचं. मिल्क चॉकलेट २९-३० वर थांबवायचं. या चढउताराने कोको बटरचे (चॉकलेटमधल्या चरबीचे) चकाकी आणि 'कट्' देणारे स्फटिक बनतात. ते ३४ च्या आसपास वितळतात, म्हणजे ३५ च्या वर गेलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेल १८० चं १८३ झालं तर कुणाला कळतंय? इथे तीन अंशांत सगळा खेळ संपतो.

दशांशाला मात्र भुलू नका. ०.१ दाखवणारा यंत्रोबा खुशाल एका अंशाने खोटं बोलू शकतो. खोक्यावर अचूकता ±०.५ लिहिलीय का ते बघा. वेगही बघा. पाक शेवटी भराभर चढतो, तेव्हा दहा सेकंद विचार करत बसणारा काय कामाचा? थर्मोकपलवाले (सुईच्या टोकाशी दोन धातूंच्या तारांचा जोड असलेले) दोन-तीन सेकंदांत सांगतात. पल्ला किमान २०० पर्यंत हवा, कॅरॅमल १७० च्या आसपास जातं.

काट्याचा, तबकडीवाला नको. त्याची दांडी दोनेक इंच बुडावी लागते, वाटीभर चॉकलेटमध्ये कशी बुडणार?

साखरझोप:
बरोबर दाखवतोय की नाही हे घरी कसं ओळखायचं?

तिसरा_कप:
पेलाभर बर्फाचा चुरा, त्यात थोडंसं पाणी. ढवळा आणि सुई मधोमध धरा, बुडाला टेकू देऊ नका. ० यायला हवं. उकळत्या पाण्याची परीक्षा समुद्रसपाटीला ठीक, पुढे दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी होतो. माझा पहिला दीड अंश जास्त दाखवायचा आणि मी महिनोन्‌महिने चॉकलेटला शिव्या घातल्या.

घोटणकाठी:
आणि सुई कोरडी पुसूनच बुडवा. पाण्याचा थेंब गेला की चॉकलेटचा रवाळ गोळा होतो.

साखरझोप:
हसू नका, पण तोवर तापाचा चालेल का?

तिसरा_कप:
हसलोच! त्याची सुरुवातच साधारण ३२ ला होते, तुमचं काम तिथे संपतं.

साखरझोप:
सुईवाला घेते. घरी आला की आधी बर्फात.