दळणाची नोंद कुठे आहे?
जुन्या हिशेबाच्या वह्यांवरून शेतकरी घराचा दिवस उभा करता येतो, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरायचं, ते वहीत चढायचं. त्याच्या बायकोची कापूस वेचणीही वजनावर लिहिली जायची. पण त्याआधी पहाटे तिने घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, ज्वारी-उडदाचा कळणा दळलेला असायचा, त्याला रकानाच नाही! तो जात्यावर म्हटलेल्या ओव्यांत सापडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रभरातून अशा १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आमची खानदेशी बोली अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईंना नुसती गाणी मागू नका. पायलीभर दळायला किती वेळ लागायचा, समोर खुंट्याला कोण बसायचं, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पुन्हा दळायला बसलात, हेही विचारा.