मदत हवी आहे : सकाळी उठताना आईचं अंग धरतं, पण तिचं चालणं-फिरणं बंद पडू द्यायचं नाही

नेरुळची_लेक
आईचं वय ७१, उंची पाच फूट, वजन ६८ किलो. नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू आहे. साखर नाही.

वर्षभरापासून सकाळी पाय जमिनीला टेकले की दोन्ही गुडघे आणि कंबर धरलेली असते. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जाते. चहा होईपर्यंत बरंचसं सुटतं. हाताची बोटंही आखडतात. एक्स-रेमध्ये गुडघ्यांची झीज आहे, 'वयोमानानुसार' असं लिहिलंय. संध्याकाळी रॉक गार्डनला चालायला जायची, ते तिने सोडलं, कारण झिजलेले गुडघे वापरले की आणखी झिजतात असं कोणीतरी सांगितलं.

चालावं की नाही? सकाळी उठताना नेमकं काय करावं? शेक किती द्यावा? आणि दुखणं थांबवायची गोळी रोज घेतली तर चालेल का?

पारसिक_फिजिओ
चालणं आजच्या आज परत सुरू करा. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तपुरवठा नसतो. भार पडला की ती दाबली जाते, भार गेला की फुगते, आणि या दाबण्या-फुगण्यातूनच तिला सांध्यातल्या वंगणाकडून पोषण मिळतं. रात्रभर हालचाल नसली की ते वंगण घट्ट होतं, पहिली काही पावलं म्हणून जड जातात. बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने रोडावतो आणि मग प्रत्येक पावलाचा धक्का थेट गुडघ्यावर येतो. गुडघा सांभाळायला बसवून ठेवलेली माणसं वर्षभरात जिना उतरेनाशी होतात ती यामुळे.

सकाळचा मुख्य नियम एकच : सांधे मोकळे करायचे ते अंथरुणातच, उभं राहिल्यावर नाही. सात-आठ मिनिटं लागतात.

उताणं पडून दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली वीस वेळा. मग एक टाच गादीवरून घसरवत नितंबाकडे आणायची आणि परत सरळ न्यायची, प्रत्येक पायाने दहा वेळा. चादरीवर टाच अडते, म्हणून पायात मोजा घालून करा. त्यानंतर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. हेही दहा वेळा. मोजताना आकडे मोठ्याने म्हणायला सांगा. मनात मोजताना माणसं श्वास कोंडतात, आणि रक्तदाब असलेल्यांनी तो कोंडू नये. शेवटी दोन्ही गुडघे दुमडून, पावलं गादीवर टेकवून, गुडघ्यांची जोडी सावकाश डावीकडे-उजवीकडे झुकवायची, कंबर जितकी सहज देईल तितकीच. बोटांसाठी मूठ उघड-मीट दहा वेळा आणि अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला.

आता उठणं. उताणं असताना सरळ उठून बसू नये. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि वरच्या हाताने गादी दाबत अंग उचलायचं. मग कडेला बसून पूर्ण एक मिनिट थांबायचं. रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्या माणसाचा दाब झटकन उभं राहिल्यावर उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

कंबरेसाठी एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. मणक्यांमधल्या चकत्या रात्री पाणी शोषून फुगतात, म्हणूनच आपण सकाळी एखाद-दीड सेंटिमीटर उंच असतो. या फुगलेल्या चकत्यांवर वाकल्याचा ताण सर्वात जास्त येतो. उठल्यावर पहिला तासभर वाकून केर काढणं, भरलेली बादली उचलणं, पायाचे अंगठे धरणारी आसनं, सगळं टाळा. तीच कामं नऊनंतर केली तर त्रास बराच कमी होतो.

गोळीबंद
औषधांबद्दल, कारण इथेच जास्त नुकसान होतं.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या टेल्मिसार्टनबरोबर रोज घेऊ नयेत. दोन्हींचा भार मूत्रपिंडावर येतो, आणि लघवी वाढवणारी गोळी जोडीला असेल तर धोका आणखी वाढतो. रक्तदाबाच्या पाकिटावर नीट पाहा : टेल्मिसार्टनपुढे 'एच' असेल तर त्यात ती तिसरी गोळी आधीच आहे. उलटी-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल त्या दिवशी तर वेदनाशामकाला हातही लावू नका.

गुडघ्याला आणि बोटांना डायक्लोफिनॅकचं जेल हा जास्त सुरक्षित पर्याय आहे. ते रक्तात फार थोडं उतरतं. लोक हरभऱ्याएवढं जेल अख्ख्या गुडघ्याला फासतात आणि 'काही फरक नाही' म्हणून ट्यूब कोपऱ्यात टाकतात. ट्यूबवर लिहिलेल्या मात्रेत, गुडघ्याच्या चारही बाजूंना, सलग दोन आठवडे लावल्याशिवाय निकाल देऊ नका. काकूंच्या डॉक्टरांना मात्र जेलचंही सांगून ठेवा.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने कधी कधी दोन्ही मांड्या आणि खांदे दुखतात, जड वाटतात. दुखणं ती गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर आलं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्याने कॅल्शियम वाढून माणसं आजारी पडतात. डब्यावर वार लिहून ठेवा. आणि बिनलेबलच्या पुड्या, 'सांधेदुखी मुळापासून' म्हणणारी चूर्णं घरात येऊ देऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा उतार पडला तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते, आणि ते एकदम थांबवणंही धोक्याचं असतं.

नेरुळची_लेक
टेल्मिसार्टनच्या पाकिटावर 'एच' आहे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. आज सगळी पाकिटं एकत्र काढून ठेवते.

शेक आणि जिना राहिला. दिवसातून दोनदा तरी तिला जिना चढ-उतर करावाच लागतो.

चरईकर
शेक : रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरायची, काठोकाठ नाही. पाणी हाताला सोसवेल इतकं, उकळतं नाही. पिशवी टेबलावर आडवी धरून पाणी तोंडापर्यंत आणायचं म्हणजे आतली हवा निघून जाते, मगच झाकण घट्ट. हवा राहिली तर पिशवी फुग्यासारखी टणक होते, गुडघ्याच्या वळणावर बसत नाही. सुती टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं, जास्तीत जास्त वीस. पिशवीवर झोपायचं नाही, मांडीखाली दाबून ठेवायची नाही. बाम किंवा जेल लावलेल्या जागी शेक द्यायचा नाही, कातडी भाजते. शेकाआधी कातडी कोरडी हवी, जेल नंतर, अंग थंड झाल्यावर. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी गरम शेक बंद. बर्फ टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं. हातांसाठी पिशवीपेक्षा कोमट पाण्याचं पातेलं बरं, पाच मिनिटं पाण्यातच मुठी मिटायच्या-उघडायच्या.

पिशवीची रबरी कड दाबून बघा. बारीक भेगा दिसल्या तर ती फेकून द्या, त्या शिवणीतूनच फुटते.

पारसिक_फिजिओ
जिना : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून. दोन्ही गुडघे दुखत असतील तर त्या दिवशी जो जास्त दुखतो तो दुखरा धरायचा. उतरणं चढण्यापेक्षा गुडघ्याला जड जातं, कारण स्नायू लांबत असताना भार रोखून धरतो. म्हणून भाजीची पिशवी खाली उतरवताना दोरीने सोडा, काकूंच्या हातात देऊ नका. काठी घेतली तर दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. तिची मूठ मनगटाच्या वळीच्या पातळीवर हवी. बाजारातली काठी बहुधा लांब असते, खांदा वर उचलला जातो आणि मानेत नवं दुखणं सुरू होतं.

जिन्याचं खरं औषध मात्र मांडीची ताकद. खुर्चीतून उठ-बस : खुर्ची भिंतीला टेकवलेली, हलकी प्लास्टिकची नको, ती मागे सरकते. बैठक गुडघ्याएवढी उंच, कमी असेल तर जाड उशी. पावलं थोडी मागे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतकं पुढे झुकून उठायचं. बसताना तीन मोजत सावकाश, धपकन नाही. आठ वेळा, थोडा दम, परत आठ. ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात, म्हणून कॅलेंडरवर खुणा करत जा.

किती झालं की जास्त झालं, याचं माप : व्यायामानंतर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा वाढलेलंच असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका. करताना थोडं दुखणं चालतं, टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर थांबायचं.

चालणं दहा मिनिटांपासून, दिवसातून दोनदा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत तीस मिनिटांपर्यंत. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. रॉक गार्डनमध्ये चढ-उतार आणि पायऱ्या आहेत, सुरुवातीचा महिना सपाटी बरी. ज्वेल ऑफ नवी मुंबईचा पाण्याभोवतीचा रस्ता जवळ आणि सपाट आहे. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळं धरतं, तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये चकरा मारा. बुटाच्या पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी. झिजलेली रबरी स्लीपर घरातही नको.

वजनाचा विषय अवघड जातो, तरी सांगते. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. काकूंनी चार किलो उतरवले तरी जिन्यावर ते कळेल. उपास नको, त्याने स्नायूही जातो. रात्रीचा भात निम्मा आणि दोन्ही जेवणांत डाळ, उसळ किंवा ताक-पनीर.

कचराळी_कट्टा
पाट आणि जमिनीवरची बैठक काही काळ बाजूला ठेवा. पूजा खुर्चीवर बसून होते. शौचाला कमोड नसेल तर वर ठेवायची चौकट मिळते, चारही पायांना रबर आहे ना ते बघून घ्या.

नेरुळची_लेक
तीन दिवस घड्याळ लावून मोजलं. गुडघे आणि कंबर १५ ते २० मिनिटांत सुटतात. बोटं मात्र ५० मिनिटं, एकदा तासाच्या वर. सकाळी साडी नेसताना पिनही लावता येत नाही. हे सगळं एकाच झिजेचं आहे का?

गोळीबंद
मोजलंत हे फार चांगलं केलंत. झिजेचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर टिकणारा आखडलेपणा सुजेचा असू शकतो, म्हणजे आमवातासारख्या आजाराचा, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं असतं. बोटांची जागा बघा. नखाजवळच्या सांध्यावर टणक गाठी असतील तर त्या बहुधा झिजेच्या. पंजाला बोटं जिथे जोडली जातात ते सांधे किंवा मनगटं मऊ सुजलेली असतील, आणि हस्तांदोलनासारखा पंजा आडवा हलकेच दाबल्यावर दुखत असेल, तर वाट पाहू नका. संधिवाततज्ज्ञांकडे न्या, नुसत्या हाडांच्या डॉक्टरांकडे नव्हे. उशीर झाला तर सांध्याची मोडतोड परत भरून येत नाही.

ईएसआर, सीआरपी (सूज किती ते दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (आमवातासाठीच्या) आणि थायरॉइड या रक्ततपासण्या ते सांगतील. आरए फॅक्टर एकटा पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. तो निरोगी म्हाताऱ्या माणसांतही पॉझिटिव्ह येतो आणि आजार असताना निगेटिव्हही.

एक विचारायचं राहिलं. दोन्ही खांदे इतके धरतात का, की केस विंचरायला हात वर जात नाही? पन्नाशीनंतर तसा एक वेगळा आजार असतो. त्याबरोबर कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधूक होणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण दृष्टी जाऊ शकते.

नेरुळची_लेक
खांदे ठीक आहेत, डोकेदुखी नाही. पंजाचे सांधे उजव्या हाताला सुजल्यासारखे वाटतात, दाबलं की हात मागे घेते. वेळ मागितली, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची मिळाली.

पारसिक_फिजिओ
संध्याकाळी साडेसहाला सूज उतरलेली असेल, डॉक्टरांना हात जवळजवळ साधा दिसेल. म्हणून उद्या आणि परवा सकाळी उठल्या उठल्या फोटो काढा. दोन्ही हात टेबलावर पालथे, शेजारी-शेजारी, खिडकीच्या उजेडात, बाजूला घड्याळ. दुसरा फोटो मूठ जितकी मिटेल तितकी मिटून. तेच दोन फोटो दुपारी परत. अंगठी असेल तर आताच साबणाचं पाणी लावून काढून ठेवा, सूज वाढली तर ती कापावी लागते. गुरुवारपर्यंत बोटांवर शेक नको आणि कोणी दिलेलं स्टेरॉइडही नको, तपासणीत खरी सूज झाकली जाते. गुडघ्यांचा व्यायाम मात्र चालू ठेवा.