मदत हवी आहे: जुन्या वाड्याचं भाडं ३२० वरून थेट ७,५००, "भाडेनियंत्रण उठलं" हे खरं आहे का?

गोदाकाठ
रविवार कारंजाजवळच्या वाड्यात दोन खोल्या, १९७८ पासून वडिलांच्या नावे भाडेपावती. वडील मार्चमध्ये वारले. आई आणि मी त्यांच्यासोबतच राहत होतो. मालकांची नोटीस आली आहे: जुनं भाडं संपलं, ७,५०० रुपयांचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचे हक्क न देता ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) करा, नाहीतर ३० दिवसांत खाली करा. एप्रिलपासून भाडंही घेत नाहीत. सही करावी का?

दिवाणी बाजू
सही करू नका. सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा धरतात. मुदत संपली की मालक जागा खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांवर निर्णय देणारा सरकारी अधिकारी) जाणार. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि १९७८ च्या पावत्या तेव्हा फारशा कामी येत नाहीत.

नियंत्रण उठलेलं नाही. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याने सूट दिली ती बँका, सरकारी उपक्रम आणि १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या भाडेकरू असतील तिथे. घरगुती भाडेकरूंना नाही. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा म्हणजे नुसता नमुना, राज्याने कायदा केल्याशिवाय तो इथे चालत नाही. वडिलांसोबत राहणारे कुटुंबीय म्हणून भाडेकरूपण तुमच्याकडे येतं. त्यासाठी रेशनकार्ड, मतदारयादी, वीजबिलं काढून ठेवा.

गोदाकाठ
मग वाढ किती द्यायची? आणि घेतच नाहीत तर?

दिवाणी बाजू
वर्षाला ४ टक्के. ३२० वर १२.८० रुपये. घरपट्टी वाढली असेल तर तुमच्या वाट्याची वाढ मालक वेगळी मागू शकतात, ती नाकारू नका.

थकबाकी होऊ देऊ नका, खटले तिथेच हरतात. एप्रिलपासूनचं भाडं चेकने, पोच असलेल्या स्पीड पोस्टने पाठवा. सोबत "अमुक महिन्यांचं भाडं" असं पत्र हवं. पाकीट "नाकारले" शेऱ्यानिशी परत आलं तर फोडू नका, ते बंद पाकीटच पुरावा. थकबाकीच्या नोटिशीनंतर ९० दिवस होईपर्यंत मालक त्या कारणावर दावा लावू शकत नाहीत. दावा लागलाच, तर समन्सपासून ९० दिवसांत सगळी रक्कम १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरा.

पंचवटीकर
खोल्यांना कुलूप लावून जाऊ नका. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसेल तर तेवढ्यावरही ताबा मागता येतो. पोटभाडेकरूही ठेवू नका. नळ किंवा वीज तोडली तर कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करा.

वाडा जुना आहे, म्हणून आणखी एक. पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर खाली करण्याआधी खोल्यांचं मोजमाप आणि भाडेकरूंची नावं पंचनाम्यात लिहून घ्या. वाडा पाडल्यावर कोण किती जागेत होतं हे सिद्ध करणं फार जड जातं.