पेटंटची २० वर्षे आणि बेडाक्विलिन

औषधाच्या पेटंटची २० वर्षे सरली की त्याचे जेनेरिक, म्हणजे इतर कंपन्यांनी बनवलेले तेच औषध, आपोआप येते, असे म्हटले जाते. नियम तोच आहे, पण मूळ रेणूचे पेटंट संपण्याआधी कंपन्या त्याच्या क्षारासाठी, म्हणजे त्याच औषधाच्या वेगळ्या रासायनिक रूपासाठी, पेटंटचा नवा अर्ज करून ठेवतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिनचे मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपले. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनला त्याच्या फ्युमरेट नावाच्या क्षाराचे पेटंट मिळाले असते, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ मध्ये या क्षाराच्या अर्जाला हरकत घेतली. क्षयरोगाच्या जुन्या उपचारातील इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावली होती, आणि बेडाक्विलिन ही तर गोळी आहे! मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मंजुरीपूर्वी कोणालाही अशी हरकत घेऊ देणारी आपल्या कायद्यातली तरतूद मला फार मोलाची वाटते.