गावच्या शाळेतून दहावी होणाऱ्या मुलांना माजी विद्यार्थ्यांनी कशी सोबत करावी?

प्रश्न (माजी विद्यार्थी, आटपाडी तालुका)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात आमची अनुदानित शाळा असून तेथे दहावीपर्यंतचेच वर्ग आहेत. पुढे काही मुले विटा, सांगली, मिरज येथे शिकायला जातात आणि काही कोठेच जात नाहीत. आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे गलाई (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली असल्यामुळे माजी विद्यार्थीही दूरदूरच्या राज्यांत आहेत; त्याखेरीज पुण्या-मुंबईत नोकरी करणारे, शिक्षक, परिचारिका, आयटीआय करून कारखान्यात लागलेले असे अनेक जण आमच्या व्हॉट्सॲप गटात आहेत.

आजवर आम्ही दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो आणि अधिकारपदावर पोहोचलेला एखादा माजी विद्यार्थी तासभर बोलतो. त्यानंतर कोणता मुलगा कोठे गेला आणि कोणत्या मुलीचे शिक्षण थांबले, याची नोंद आमच्याकडे नसते आणि शाळेकडेही नसते. यंदाच्या स्नेहमेळाव्यात प्रवेशद्वारावर कमान बांधण्यासाठी निधी जमवण्याचा विचार पुढे आला आहे. त्याऐवजी दहावी होणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक माजी विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून उभा करावा, असे मला मनापासून वाटते. हे काम कोणी, केव्हा आणि किती काळ करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापिका)

आपला विचार योग्य आहे, परंतु मे महिन्यात निकाल लागल्यावर कामाला लागलात, तर निम्मे काम हातातून गेलेले असेल. सुरुवात दिवाळीनंतर करा आणि ती कागदपत्रांपासून करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव, आधार कार्डावरील नाव आणि जातीच्या दाखल्यावरील नाव ही तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत पाहा, कारण मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते आणि दाखला घेऊन बाहेर पडल्यावर तीच दुरुस्ती पालकांना महिनोन्महिने फिरवते. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि लागू असेल तेथे नॉन-क्रिमिलेअर यांसाठी तहसील कार्यालयात जून महिन्यात झुंबड उडते. वडील परराज्यात गलाईच्या दुकानात आणि आई गावी एकटी, अशा घरात ही धावपळ कोणी करायची?

दुसरे काम पसंतीक्रमाचे आहे. 2025-26 पासून अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेश प्रक्रिया संपूर्ण राज्यात लागू झाली आणि अर्जात दहापर्यंत महाविद्यालये पसंतीक्रमाने भरता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते आणि तो न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. माझ्या परिचयातील एका मुलीचा अर्ज नेट कॅफेत भरला गेला. तिने वहीच्या कागदावर महाविद्यालयांची नावे लिहून नेली होती. परंतु अर्ज भरणाऱ्याने कागदावरचा क्रम न पाहता यादीत जे महाविद्यालय आधी दिसले ते आधी टाकले, आणि जेथे रोज जाऊन-येऊन शिकणे शक्यच नव्हते असे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर गेले. अर्ज कायम करण्यापूर्वी तिच्या शेजारी बसून पडद्यावरील दहा ओळी वाचणारा एखादा जाणकार माणूस असता, तर तिचे ते वर्ष वेगळे गेले असते. मार्गदर्शकाने नेमके येथे हजर असायला हवे.

आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवडल्या गेलेल्या मुलांना नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात; परंतु अकरावीत ती शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी दहावीत सर्वसाधारणपणे 60 टक्के गुण लागतात आणि अर्जाचे नूतनीकरणही करावे लागते. शाळा बदलली की या नूतनीकरणाची आठवण करून देणारे कोणी उरत नाही.

उत्तर २ (पदविका अभियंता, मिरज)

मी मराठी माध्यमातून दहावी झालो, नंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेतली आणि पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवला. हा मार्ग मला गावातील माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या एका दादाने सांगितला होता, म्हणून माझी ठाम सूचना अशी आहे की मार्गदर्शक अलीकडे शिकून बाहेर पडलेला असावा. वीस वर्षांपूर्वी दहावी झालेल्या साहेबांबद्दल पूर्ण आदर आहे, परंतु आजचा अर्ज, आजचे शुल्क आणि आजच्या वसतिगृहातील मेस त्यांना माहीत नसते. त्यांनी निधी द्यावा, ओळखी द्याव्यात आणि मुलांशी बोलण्याचे काम विशी-पंचविशीतल्या मुलामुलींवर सोपवावे.

प्रवेश झाला म्हणजे काम संपले, असेही कृपया समजू नये. अकरावी विज्ञानाचे पहिले दोन-तीन महिने सर्वांत कठीण असतात. ज्या मुलाने दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ असे शब्द वापरून गणिते सोडवली, त्याच्यासमोर तेच गणित इंग्रजीत येते आणि येणारे उत्तरही तो वर्गात बोलून दाखवत नाही. गणपतीला गावी आलेली अशी काही मुले परत जातच नाहीत. या काळात आठवड्यातून एक फोन पुरेसा असतो, मात्र तो ठरलेल्या दिवशी व्हायलाच हवा. रविवारी सकाळी फोन येणार हे माहीत असलेला मुलगा आठवडाभर साठलेल्या अडचणी जपून ठेवतो.

विषय निवडतानाही कोणीतरी सोबत असावे. गणित अवघड वाटते म्हणून अनेक जण अकरावीला ते सोडून देतात आणि अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला गणित लागते, हे त्यांना बारावीत कळते. आयटीआयविषयी बोलताना आवाज खाली आणू नका. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला असतो, ही गोष्ट कारखान्यात काम करणाऱ्या तुमच्याच माजी विद्यार्थ्याने सांगितली तर मुलांना ती पटते.

उत्तर ३ (मुलींच्या शिक्षणासाठी काम करणारी कार्यकर्ती)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु ही मुले अठरा वर्षांखालील आहेत याचा उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही. मार्गदर्शकांची यादी मुख्याध्यापकांच्या संमतीनेच व्हावी, पालकांना मार्गदर्शकाचे नाव व व्यवसाय ठाऊक असावा आणि मुलींसाठी शक्यतो माजी विद्यार्थिनीच असाव्यात. बोलणे आईच्या फोनवरून किंवा शाळेतील शिक्षिका असलेल्या गटात व्हावे. एकट्या मुलीला रात्री संदेश पाठवण्याची मुभा कोणालाही असू नये. शाळेत सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) असेल, तर तिला या उपक्रमाची माहिती आधी द्यावी. मार्गदर्शकाने मुलाला परस्पर पैसेही देऊ नयेत. मदत करायची असेल, तर ती शाळेमार्फत व्हावी.

मुलींच्या बाबतीत निर्णय बहुधा घरात होतो, म्हणून एक भेट आईवडिलांची, आणि जमल्यास आजीचीही, घ्यावी. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, हे अनेक घरांना माहीत असते. परंतु 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ‘बारावीनंतर खर्च झेपणार नाही, मग आताच कशाला शिकवायचे’ असे म्हणणाऱ्या वडिलांपुढे ही माहिती ठेवली की चर्चा बदलते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवाळीत गलाईची मंडळी गावी येतात, तेव्हा कागदपत्रांची तपासणी शाळेतच करू आणि कमानीचा विषय मी गटात पुन्हा मांडेन. एक शंका उरते. मार्गदर्शक कमी पडले, तर कोणत्या मुलांपासून सुरुवात करावी?

निवृत्त मुख्याध्यापिका

अनुत्तीर्ण झालेल्या आणि काठावर उत्तीर्ण झालेल्या मुलांपासून करावी. नव्वद टक्क्यांच्या मुलाकडे सर्वांचे लक्ष असते आणि नापास झालेला मुलगा गुणपत्रिका न्यायलाही येत नाही. एक किंवा दोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीच्या (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या) सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो आणि जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षाही असते. परंतु तिचा अर्ज निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावा लागतो. म्हणून निकालाच्या दिवशीच शिक्षकांकडून ही नावे घ्या, त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि जाताना गणित व इंग्रजी शिकवू शकणारा एक जण सोबत न्या.