मदत हवी आहे: व्हायव्हॅक्स मलेरिया उलटला की नव्याने झाला, हे जनुकांवरून कसे ठरवावे?

नमस्कार,

मी मुंबईत जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीचा मलेरिया एकदा बरा होऊन सहा महिन्यांच्या आत ज्यांना पुन्हा झाला, अशा १८ रुग्णांच्या रक्ताचे दोन्ही वेळचे नमुने नैतिक समितीच्या परवानगीने माझ्याकडे फिल्टर पेपरवर वाळवून ठेवलेले आहेत.

विषय घरातूनच सुचला. धाकट्या भावाला जुलैत ताप आला, औषधे झाली आणि ऐन नवरात्रात तो पुन्हा हुडहुडी भरून अंथरुणावर पडला. इमारतीतल्या सगळ्यांनी गच्चीवरच्या टाकीला दोष दिला. तो अनाठायी नव्हता, कारण ॲनोफिलीस स्टीफेन्साय हा शहरी डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि मलेरियाचे अभ्यासक बेंटले यांच्या १९११ च्या अहवालानेही मुंबईतल्या मलेरियाचे मूळ विहिरींत दाखवले होते. परंतु व्हायव्हॅक्सचे परजीवी यकृतात सुप्त राहून काही महिन्यांनी रक्तात उतरतात, आणि त्यासाठी नवा डास चावावा लागत नाही. नवा संसर्ग असेल तर टाकी झाकायला हवी. आजार उलटला असेल तर जी-६-पीडी (हे विकर कमी असल्यास प्रायमाक्वीनने रक्तपेशी फुटू शकतात) तपासून दिलेला, यकृतातले सुप्त परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्वीनचा १४ दिवसांचा कोर्स पूर्ण झाला होता का, हे पाहायला हवे.

फॅल्सिपेरम या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीत एमएसपी-१, एमएसपी-२ आणि ग्लर्प या जनुकांची आधीच्या व नंतरच्या नमुन्यांत तुलना करून औषध निष्फळ ठरले की नवा संसर्ग झाला, हे बऱ्याच अंशी सांगता येते. व्हायव्हॅक्सला हा हिशेब पुरत नाही. यकृतातला परजीवी आणखी जुन्या चाव्यातून आलेला असू शकतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी वेगळा वाण सापडला तरी आजार उलटलेला असण्याची शक्यता उरतेच. शिवाय परजीवींचा संकर डासाच्या पोटात होत असल्याने एकाच चाव्यातून सख्ख्या भावंडांसारखे, अर्धे सारखे अर्धे वेगळे, परजीवी शरीरात शिरू शकतात. उलट एखादा वाण शहरात सर्रास आढळत असेल, तर दोन्ही नमुन्यांत तोच सापडणे हा निव्वळ योगायोगही असेल.

म्हणून जाणकारांना विचारतो, अशी भावंडे ओळखायला आठ-दहा मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले वाणागणिक लांबी बदलणारे, पुन:पुन्हा येणारे छोटे तुकडे) पुरतील, की संपूर्ण जनुकसंचच वाचावा लागेल? शहरात कोणता वाण किती आढळतो, याचा आधार तयार करायला परस्परांशी संबंध नसलेल्या किती रुग्णांचे नमुने घ्यावेत? बांधकामांवर परराज्यांतून नुकतेच आलेले मजूर त्याच गटात धरावेत की वेगळे? माझ्या मते वेगळे धरावेत, कारण त्यांच्या यकृतातले परजीवी गावाकडचे असू शकतात. मात्र तसे केल्यास दोन्ही गट फारच लहान होतात.

शेवटची अडचण सर्वांत मोठी आहे. फिल्टर पेपरवरच्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यात माणसाचाच डीएनए फार असतो, आणि फॅल्सिपेरम १९७६ पासून प्रयोगशाळेत सलग वाढवता येत असला तरी व्हायव्हॅक्स तसा वाढवता येत नाही. परजीवीचा डीएनए निवडून वाढवण्याची पद्धत अशा ठिपक्यांवर ज्यांनी प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी रक्तात किमान किती परजीवी असताना ती साधली, हे कृपया कळवावे. प्रत्येक ठिपका एकदाच वापरता येणार असल्याने तोवर मी एकाही ठिपक्याला कात्री लावलेली नाही.